दुष्काळाची एकच गाठ

शिवकांताबाईंचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग दुपारी भरायचा, गावच्या सोसायटीच्या गोदामाच्या ओसरीवर. खताच्या पोत्यांचा वास डोक्यात जायचा, पण सावली होती, आणि अंगठा सोडून सही शिकायला बायकांना तेवढी पुरे होती. साल एकोणीसशे ऐंशी. बाई उमरग्याच्या, वय बावीस-तेवीस, रागावल्या की कानडीत पुटपुटायच्या. इतिहासाच्या धड्यानं त्यांना महिनाभर कानडीतच ठेवलं होतं. कोणता राजा आधी, कोणता मागून, असं विचारलं की सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मेलेल्या राजांची रांग लावून कुणाचं काय भलं होणार होतं!

शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं. पोत्याची सुतळी काढली, एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला.

"कडीपाशी लई जुनं, गजापाशी आजचा दिवस," त्या म्हणाल्या. "तुमच्या आयुष्यात काय काय झालं ते सांगा. तिथं तिथं गाठ मारू."

मग काय, बायकांना भरतं आलं. रझाकारांची गाठ पडली. धम्म घेतला त्याची पडली, आणि ती मारता मारता कमलबाईनं त्याच्या पुढच्या वैशाखात आपलं लग्न उरकून घेतलं. सोसायटी निघाली त्याची पडली. मधोमध दुष्काळाची गाठ, चांगली सुपारीएवढी.

भिमाबाई मागं भिंतीला टेकून होती. तिची आठ वर्षांची वच्छला दुष्काळात तापानं गेली, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून भिमाबाई रडली नाही आणि हसलीही नाही. खुरपायला जायची, भाकरी थापायची, बोलावलं की वर्गाला यायची. कुणी पोरीचा विषय काढलाच तर एवढंच म्हणायची, "तवा रस्ता न्हवता." तिचा नवरा पिराजीही तेच म्हणायचा. रस्ता असता तर येरमाळ्याच्या डॉक्टरकडं नेली असती; रस्ताच नव्हता, तिथं माणूस काय करणार? त्या तीन शब्दांवर तिचे दिवस निघाले होते.

"भिमामावशी, तुमची गाठ?"

ती उठली. लुगड्याच्या फाटक्या काठातला दोरा तोडला आणि दुष्काळाच्या गाठीला लावून बांधला. "माजी पोर हितं गेली. तवा रस्ता न्हवता."

"मग रस्ता कधी झाला?" बाईंनी विचारलं.

"दुष्काळातच की," पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली. "दुष्काळी कामावर आमीच तर खडी फोडली."

"दोन्ही एकाच गाठीत कसं बसवायचं? दुष्काळ होता किती वर्षं?"

कुणी एक म्हणालं, कुणी चार. कमलबाईनं बोटांवर मोजलं. "तीन. जवारी बुडाली ते एक. हिरी आटल्या ते दुसरं. जवारीच्या जागी रेशनचा तांबडा मिलो खाल्ला ते तिसरं."

बाईंनी मोठी गाठ सोडली आणि वीतवीत अंतरावर तीन गाठी मारल्या. आपली युक्ती साधली म्हणून त्या खूश होत्या, त्यांचा काही दोष नव्हता. "हं, आता सांगा मावशी. रस्ता कुठं, पोर कुठं?"

कमलबाईनं मोजायची बोटं मुठीत मिटली. भिमाबाईनं आपला अंगठा पाहिला. नखाखाली आडवा व्रण होता, फाट्याजवळच्या शेवटच्या ढिगावर कपची उडून झालेला. त्यावर चिंधी कुणी बांधली होती? वच्छलानं. दातानं गाठ ओढून बांधली होती. पुढं रस्त्यावर मुरूम पडला, पहिली एसटी आली, आणि पोर तिच्या मागं धुरळ्यात ओरडत पळाली होती. मिलो खायचे दिवस होते ते.

एवढं आठवल्यावर बाकीचं आपोआप आलं. गाडीनं फाट्यावर हॉर्न दिला होता. पिराजीनं तापलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं होतं. आणि भिमाबाईच म्हणाली होती, "आज जरा हुशार दिसती. उद्या नेऊ." दुसऱ्या दिवशीची गाडी यायच्या आत वच्छला गेली.

तिनं दुसऱ्या गाठीपुढं रस्त्याची गाठ मारली. मग आपला दोरा सोडला आणि तिसऱ्या गाठीपाशी, रस्त्याच्या अलीकडं नाही, पलीकडं बांधला. छातीत काही हललं नाही, याचंच तिला भय वाटलं. तिनं वळून पाहिलं तर कमलबाई जमिनीकडं बघत होती. गावातल्या प्रत्येक बाईनं ती खडी फोडली होती, आणि सात वर्षांत एकीनंही तिचं बोलणं खोडलं नव्हतं.

दिवस मावळताना पिराजी जेवायला बसला.

"काय शिकिवलं आज?"

"आधी काय झालं, मागनं काय झालं, ते."

"बरं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"सडक आधी झाली व्हती," ती म्हणाली. "तुमी तिला खांद्यावर घेतलं व्हतं. उद्या नेऊ, असं म्याच म्हणले."

पिराजीचा हात ताटातच थांबला. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "रस्ता न्हवता."

"आवं, म्या सोता खडी फोडली..."

"न्हवता म्हणतो ना! मी फाट्यापातूर जाऊन बघून आलतो. रस्ता न्हवता, गाडी न्हवती, काय न्हवतं." त्याच्या बोटांवरून कालवण ओघळत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

सात वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस आपल्यासारखाच आठवण बुजवून बसलाय. पण गाडीचं तर तिनं नावही काढलं नव्हतं; त्याला सगळं धडधडीत आठवत होतं. तिचं ते "उद्या" तो रोज एकटाच गिळत आला होता. तिला त्याची दया आली. बऱ्याच वर्षांनी तिला काहीतरी वाटलं, आणि त्याचं काय करायचं ते तिला उमगेना. तिनं टोपल्यातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"व्हय," ती म्हणाली, "न्हवता. जेवा तुमी."