हारामागची गोजराबाई

कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुठे घरातलं कुणीतरी हललं. गोजराबाईंची सून छाया गॅस बारीक करायला आत गेली. बाकीचे पुन्हा त्या फोटोकडे बघत राहिले.

सुहानाने तो मोठ्या हौसेने फ्रेम करून आणला होता. एरवी ती लग्नाचे फोटो काढायची. घर त्यावर आणि नवऱ्याच्या, मुझफ्फरच्या, सातपूरच्या कारखान्यातल्या नोकरीवर चालायचं. पण जरा उसंत मिळाली की लहानग्या लेकीला, माहेनूरला, स्कूटीवर पुढे उभी करून ती मखमलाबादच्या फुलमळ्यांत यायची. हे फोटो कुणी मागितलेले नव्हते. झेंडू सगळं नाशिक विकत घेतं, तो तोडणाऱ्या बायांची तोंडं मात्र कुणी पाहिलेली नसतात, एवढंच तिच्या मनात होतं. बाया आधी पदर ओढून पाठ फिरवायच्या. त्यांच्यातल्या गोजराबाईंनी मात्र तिला चहा दिला, मग हातात सुई दिली आणि हार ओवता ओवता सरळ कॅमेऱ्यात बघितलं. त्यांनी बघितलं म्हणून बाकीच्याही बघू लागल्या. आता दसऱ्याला देवळाच्या सभामंडपात सगळे फोटो लागायचे होते.

या फोटोत दोरीला अडकवलेला झेंडूचा भला मोठा हार होता आणि त्याच्या मधोमध, पलीकडे उभ्या गोजराबाईंचा हसरा चेहरा.

"ताई, जित्या माणसाच्या फोटोला हार?" त्यांचा मुलगा योगेश हळूच म्हणाला.

सुहानाने चटकन फ्रेमकडे वळून पाहिलं. तिच्या घरी भिंतीवर माणसांचे फोटो लावतच नाहीत. फोटोला हार म्हणजे काय, हे नाशिकमध्ये वाढलेल्या तिला ठाऊक होतं. पण त्या सकाळी तिला दिसला होता फक्त फुलांच्या उजेडातला चेहरा. तिने माफी मागितली, फ्रेम आत्ताच परत नेते म्हणाली. ही गोष्ट वस्तीत पसरली तर पुन्हा एकही बाई तिच्यासमोर उभी राहणार नव्हती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

गोजराबाईंनी फ्रेम मांडीवर ओढली आणि पदराने काच पुसली.

"आमची सासू गेली तवा मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा केला. वळखू येईना. जल्मभर दुसऱ्यांचे हार ओवले मी. माझा हार मला कधी दिसला असता? म्हातारी लय भारी दिसती. योग्या, देवळात हाच पुढं लाव."

"आई, लोक काय म्हणतील?"

"मी शेजारीच बसते. ज्याला शंका हाय त्यानं चिमटा काढून बघावं."

आत छायाला हसू आवरेना. योगेशही हसला. नटूनथटून समोर बसलेल्या किती माणसांचे फोटो सुहानाने काढले होते, पण स्वतःकडे इतक्या बेधडक बघणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं.

"अन् दसरा झाला की फोटो पेटीत ठेवा," गोजराबाई म्हणाल्या. "मंग येळ आली की हाच भिंतीला लावा. दुसरा शोधू नका."

माहेनूर फ्रेमपाशी गुडघे टेकून बसली होती. तिने बोटाने काचेवरचं एक फूल चाचपलं आणि वर बघत विचारलं, "अम्मी, आजीचा फोटो भिंतीवर कधी लावायचा?"