साबिना आजीचा श्वास

ओरुरो शहरातून बस सुटली तेव्हा शेजारची जागा रिकामीच होती. डेल्मिरा कालिसायाने तिथे हत्यारांची पेटी ठेवली. पठारावरच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करत फिरणारी ती एकटीच इंजिनियर. यंत्र बंद पडलं की ती पोचायची, सुरू झालं की निघायची. ते पुढे कुणाला लावतात, हे तिला क्वचितच कळे.

या वेळी मात्र ती दवाखान्यात पोचली तेव्हा पेशंट समोरच होती. साबिना आजीचा जन्म खाणीबाहेर दगड फोडून कथील वेचण्यात गेला होता, धूळ छातीत साचली होती. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र उशाशी घरघरत होतं, तरी आजीचे ओठ निळे पडले होते.

"सिलिंडर एकच उरलाय," नर्स रुफिना म्हणाली. "आणि तुमची बस आल्यावर संपवाल्या खाणकामगारांनी रस्ता अडवलाय. दुसरा यायचा नाही."

डेल्मिराने नळीला मीटर लावला. ऑक्सिजन जेमतेम निम्मा. "मोटर ठीक आहे. हवा गाळणारे आतले दाणे ओलावलेत. अडगळीत दुसरं मोडकं यंत्र आहे का?"

होतं. त्याची मोटर जळली होती, पण दाण्यांच्या नळकांड्या कोरड्या होत्या. आजीला सिलिंडर लावून डेल्मिरा खाटेजवळच जमिनीवर बसली आणि दोन्ही यंत्रं खोलली.

"कुणाची गं तू?" आजीने वरून विचारलं.

"कालिसायांची. आईबाबा दोघंही गेले."

"नवरा?"

"नाही."

"मग बोलतेस कुणाशी?"

"यंत्रांशी."

"उत्तर देतात?"

"बिघडली की देतात, आजी."

आजी हसली आणि खोकत सुटली. "अहो इंजिनियरबाई, हसवू नका तिला!" रुफिना ओरडली.

नळकांड्यांची तोंडं जुन्या नळ्यांना बसेनात. डेल्मिराने नळ्या कापल्या, पट्ट्यांनी आवळल्या, सांध्यांवर साबणाचा फेस लावून यंत्र क्षणभर चालवलं. एका जागी बुडबुडा आला, हवा गळत होती. पुन्हा आवळलं. मग यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मीटरचा काटा हळूहळू नव्वद टक्क्यांपर्यंत चढताना बघत राहिली. सिलिंडर काढून आजीला यंत्र लावलं, आणि तासाभरानंतरही तिच्या ओठांवर रंग होता.

रस्ता मोकळा होईपर्यंत ती तिथेच राहिली. आजीला बटाट्याचं सूप भरवायची, तिची बडबड ऐकायची. बस सुरू झाल्याचं कळलं तेव्हा तिला नेहमीसारखा आनंद झाला नाही.

हिवाळा सरल्यावर ती तपासणीला परत आली. त्याच खाटेवर एक तरुण खाणकामगार झोपला होता. यंत्र व्यवस्थित चालू होतं.

"आजी?"

"गेली. झोपेतच," रुफिना म्हणाली. "यंत्र शेवटपर्यंत छान चाललं हो. आजी तुमची वाट बघायची. मीच सांगायचे, आजी, यंत्र बिघडल्याशिवाय त्या येत नाहीत."

डेल्मिराने फिल्टर धुतला, मीटर लावला, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला.

"आज राहा ना," पेटी बंद होताना रुफिना म्हणाली. "माझ्याही घरी कुणी नाही."

"उद्या सकाळी दुसऱ्या दवाखान्यात पोचायचंय."

"बरं," रुफिना म्हणाली आणि खाणकामगाराची उशी नीट करायला वळली.

बस गावाबाहेर पडली तेव्हा डेल्मिराला वाटलं, ड्रायव्हरला थांबायला सांगावं. दुसऱ्या दवाखान्याचं काम एक दिवस थांबलं असतं. ती अर्धवट उठलीही. मग बसने वेग घेतला, आणि ती खाली बसली.