घनसावंगीच्या जीपमधली विमानाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण मला अंगणातली समजू नका. पन्नास जणांच्या एका छोट्या जेट विमानात खिडकीशेजारी माझी जागा होती. दहा वर्षं मी ढगांवरून फिरले. त्याचा थोडा तोरा मला अजून आहे.

आमचं विमान मोडलं नव्हतं, तरी कंपनीने ते सेवेतून काढलं. वैमानिक आम्हालाही दोन लागत आणि मोठ्या विमानालाही दोनच. विमानतळाचं भाडं, देखभाल, महाग होत चाललेलं इंधन, सगळा भार आमच्या पन्नास तिकिटांवर पडे. मोठ्या विमानात तो दीडशे जणांत वाटला जाई. हिशेब खोटा नव्हता, पण मला फार लागलं.

भंगारातून मी जालन्याला आले. घनसावंगी ते जालना काळीपिवळी जीप चालवणाऱ्या कडूबाने मला हौसेने घेतलं आणि जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं. तिथे एरवी तिघं दाटीवाटीने बसत. माझ्यावर एकच जण मावे. आठवडाभरात त्याची बायको गोजरबाई म्हणाली, "तिघांच्या जागी एकाला नेऊन राह्यले तुम्ही. डिझेल तर तेवढंच जळतंय. काढा ती खुर्ची."

पुन्हा तेच कारण ऐकून मी खचले.

कडूबाने पाना हातात घेतला, तोच शेजारच्या चतुराबाई काठी टेकत आल्या. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. दर गुरुवारी व्यायामासाठी जालन्याच्या दवाखान्यात गेल्या नाहीत, तर चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि जीपच्या बाकावर त्यांना बसवतच नव्हतं.

गोजरबाईने कडूबाच्या हातातला पाना काढून घेतला. "मंग गुरुवारची राहू द्या," ती म्हणाली. "बाकीचे दिवस काढत जा."

तेव्हापासून दर गुरुवारी कडूबा माझे नट आवळायचा आणि चतुराबाईंना पट्टा लावायचा.

"मला कशाला बांधून राह्यला रे? मी काय पळून चालले का?"

"मावशी, इमानात असंच असतंय. बराबर बसा."

खड्डा आला की मी त्यांची पाठ जिवापाड सांभाळायची.

सात महिन्यांनी एका गुरुवारी चतुराबाई आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मागे जाऊन दांडीला धरून बाकावर चढल्या. "कडूबा, आज मी इथं बसते. काढ ती खुर्ची, तिथं तीन माणसं बसतील."

कडूबाने माझे नट सैल केले. या वेळी मात्र मला जराही लागलं नाही.

मित्रांनो, थोड्यांच्याच उपयोगाची वस्तू तुम्हालाही कधी काढावी लागेल. जरूर काढा. पण तिच्यावाचून कुणाचं अडणार आहे, ते आधी विचारा, आणि ते माणूस स्वतःच्या पायांनी बाकावर चढेपर्यंत थांबा.