वाळूच्या फिल्टरनंतरचा गोल

विद्यार्थी संघटना म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आमचे अध्यक्ष 'विद्यार्थ्यांचा आवाज' असं म्हणून छाती फुगवतात. थापा आहेत. संघटना म्हणजे जिन्याखालची एक खोली, तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती, एक लोखंडी कपाट आणि दिवसभर दारात उभी राहणारी माणसं. कुणाचं हॉलतिकीट आलेलं नसतं, कुणाच्या खोलीचं छत गळत असतं, कुणाला सुट्टीत घरी जायचं नसतं आणि का ते सांगताही येत नसतं. आवाजबिवाज नंतर. आधी अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगा.

माझं काम सोबतीचं. विद्यार्थ्यावर आरोप झाला की चौकशी समितीपुढे संघटनेचा एक सोबती त्याच्या शेजारी बसतो, असा विद्यापीठाचा नियम आहे. सोबत्याला प्रश्न विचारता येतात. विद्यार्थ्याच्या वतीने उत्तर मात्र देता येत नाही. कुणा डोकेबाज माणसाने आमचं तोंड अर्धं शिवून ठेवायला हा नियम केला असणार. मला तो मानवला. मला घरीदारी शंकासूर म्हणतात. आई म्हणायची, हिच्या हातात पाण्याचा पेला दिला तर ही प्यायच्या आधी त्याची उलटतपासणी घेईल.

सुताराची लेक मंगळवारी सकाळी आली. माझ्याच विभागातली, दुसऱ्या वर्षाची, मी चौथ्या. डुगडुगत्या खुर्चीवर बसण्याआधी तिने वाकून खुर्चीचा पाय पाहिला, खाली कागदाची घडी सारली आणि मग बसली. त्यावरूनच मला ती आवडली. तिने पुढे केलेल्या नोटिशीत लिहिलं होतं की पाणी शुद्धीकरणाच्या पेपरात तिची आणि तिच्या मागे बसलेल्या, वर्गात लंबू म्हणतात त्या पोराची आकृती हुबेहूब सारखी आहे, चुकीसकट. सबब दोघांनी संगनमताने नक्कल केल्याचा संशय आहे. सिद्ध झालं तर एक वर्ष परीक्षाबंदी आणि वसतिगृहाची खोली खाली करायची.

वर्ष गेलं तर गेलं, असं तिच्या घरी नव्हतं. मामा आधीपासून म्हणत होता की पोरीला इतकं शिकवून कुठे धरण बांधायचंय. वडील एकटे तिच्या बाजूने. ती परीक्षाबंदी घेऊन घरी गेली की परत येणं नाही, हे तिने मला रडून नाही, हिशेबी आवाजात सांगितलं, फळी किती इंच कापायची ते सांगावं तसं.

"चूक काय होती?" मी विचारलं.

तिने पेन काढून तिथल्या तिथे आकृती काढली. नदीचं पाणी, गाळ बसायची टाकी, वाळूचा फिल्टर, मग क्लोरीनची खोली. आणि फिल्टर व क्लोरीन यांच्या मध्ये, पाइपाच्या किंचित वर, एक गोल. पूर्ण नाही. खाली उजवीकडे जरासा तुटलेला.

"हा गोल," ती म्हणाली. "सर म्हणतात, असा गोल जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. मग दोघांच्या डोक्यात एकदम कुठून आला? आणि तुटलाय तोही एकाच जागी."

तो गोल मी ओळखत होते. पण त्या क्षणी मी ते लपवलं, आणि हे सांगायला मला लाज वाटते. मी एवढंच विचारलं की तू अभ्यास कशावरून केलास. तिने बोट दाखवलं आमच्याच कपाटाकडे.

आता कपाटाबद्दल. आमच्या संघटनेने भाषणं, मोर्चे, निवेदनं असं पुष्कळ केलं, पण खरोखर उपयोगाची गोष्ट एकच, हे कपाट. जुन्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेल्या नोट्स त्यात असतात. ज्याला पुस्तकं मिळत नाहीत, ज्याला शिकवलेलं कळत नाही (यात निम्मं विद्यापीठ आलं), तो इथून नोट्स नेतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे प्रती काढतो आणि पास होतो. काकांकडे प्रतीची प्रत निघते, तिची आणखी प्रत. मूळ कागद कुणी बघतच नाही.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि कपाटाचा तळ उपसला. पाणी शुद्धीकरणाच्या सहा प्रती निघाल्या. सगळ्यांत तो गोल, काळाभोर, जणू कुणी पट्टी-कंपास घेऊन काढलाय. सर्वांत खाली, पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याच्या फाइलीत, मूळ नोट्स मिळाल्या. निळ्या शाईच्या. लिहिणाऱ्याचं नाव नाही. आकृतीही निळ्या शाईची, सुबक. आणि गोल तपकिरी.

मी कागद खिडकीशी धरला. तपकिरी गोलाची कड बाहेरून गडद, आतून फिकट, आणि एका जागी तुटलेली.

चहाचा कप.

कुणी तरी कितीतरी वर्षांपूर्वी अभ्यास करताना या कागदावर चहाचा कप ठेवला होता. झेरॉक्सच्या मशीनला शाई आणि चहा सारखेच. तेव्हापासून आमचे होतकरू इंजिनियर त्या डागातून पाणी नेत होते.

मी आधी खुर्चीवर बसून एकटीच हसले. मग हसू ओसरलं, कारण मला दोन वर्षांपूर्वीचा माझा पेपर आठवला. मीही तो गोल काढला होता. नुसता काढला नव्हता, त्याला नाव दिलं होतं: विश्रांती टाकी. पाणी फिल्टरमधून दमून येतं, तिथे जरा टेकतं, असं दोन ओळींत लिहून ठोकून दिलं होतं. जगाला शंका विचारत फिरणारी मी, आणि हा गोल कशाचा एवढं मला कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

दुपारी मी कागद अध्यक्षांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, कपाळाला हात लावला आणि दार नीट लागलंय का ते बघून आले. मूर्ख माणूस नाही तो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कपाटाला विद्यापीठाची परवानगी आहे ती तोंडी. चुकीच्या नोट्स वाटतात असं एकदा कागदावर आलं की ते कुलूप घालतील, आणि घालायला ते टपलेलेच आहेत. चारशे पोरं त्या कपाटावर जगतात. इथे प्रश्न दोघांचा आहे.

मी म्हटलं, त्या दोघांना चोर ठरवलंय ते आपल्या कपाटामुळे.

"तायडे," ते म्हणाले, "तू सोबतीण आहेस. शेजारी बस, दोन प्रश्न विचार, दया मागून बघ. मूळ कागद मात्र या खोलीबाहेर जाता कामा नये."

यालाच ते विद्यार्थ्यांचा आवाज म्हणतात. चारशेंसाठी दोघांना बुडवायचं, आणि उद्या त्या चारशेंतल्या दोघांवर पाळी आली की पुन्हा उरलेल्यांची संख्या मोजायची. मी तसं तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "मग कपाट बंद झाल्यावर पोरांना तूच शिकव." कागद मी पिशवीत घातला.

चौकशी गुरुवारी अकराला होती. आधी सुताराची लेक, मग लंबू, असा क्रम. लांबट टेबल, एका बाजूला विभागप्रमुख बाई, परीक्षक सर आणि रेकॉर्ड विभागाचे कारकून. दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. बाहेर बाकावर लंबू गुडघे हनुवटीला लावून बसला होता. तिचे वडीलही आले होते. ते दाराच्या बिजागरीकडे बघत होते, कारण ती कुरकुरत होती.

परीक्षक सरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले. खरं सांगते, दोन्ही आकृत्या एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या. बाईंनी विचारलं, हा गोल काय आहे? सुताराची लेक म्हणाली, माहीत नाही. मग काढला कशाला? ती म्हणाली, नोट्समध्ये होता तसा काढला. जे दिसतं ते मापात काढायचं, असं बाबांनी शिकवलंय.

"कुठल्या नोट्स?" सरांनी विचारलं. तिच्या प्रतीचं मुखपृष्ठ कधीच फाटलं होतं. कपाटाचं नाव घ्यावं की नाही, म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. मला उत्तर देता येत नव्हतं. मी प्रश्न विचारला.

"बाकीच्यांच्या पेपरांत हा गोल आहे का, हे कुणी बघितलंय का, सर?"

कुणी बघितलं नव्हतं. बाईंनी कारकुनांकडे पाहिलं. कारकून उठले, आणि गठ्ठा आला. एकसष्ट पेपर. आम्ही पाच माणसं अर्धा तास पानं उलटत बसलो. चौतीस पेपरांत गोल निघाला. बहुतेकांनी तो पूर्ण करून टाकला होता. पोरांना तुटकं काही बघवत नाही, लगेच जोडून टाकतात. तुटका ठेवला होता तो या दोघांनीच, जसा दिसला तसा. म्हणून तेवढे दोघे सापडले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे अख्खा वर्गच चोर," ते म्हणाले.

माझ्या शेजारची पोरगी पांढरी पडली. माझ्या प्रश्नाने दोघांचे चौतीस झाले होते. हे असं होईल हे मला कळायला हवं होतं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

मी विचारलं, तीन वर्षांचे पेपर रेकॉर्डला असतात ना? असतात, असं कारकून म्हणाले. मग दोन वर्षांपूर्वीचा एक पेपर काढाल का? कुणाचा, असं बाईंनी विचारलं. मी माझा परीक्षा क्रमांक सांगितला.

तो पेपर यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात शिपाई चहा ठेवून गेला. पेपर आला तो बाईंनी स्वतः उघडला. त्यात माझा गोल होता, ठसठशीत, आणि त्यावर बाण काढून लिहिलेलं 'विश्रांती टाकी'. समासात लाल शाईने दहापैकी नऊ. खाली सही.

बाईंनी ती सही बराच वेळ बघितली आणि पेपर परीक्षक सरांकडे सरकवला. सरांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले की चारशे पेपर वीस दिवसांत तपासायचे असतात, आकृती आहे एवढंच डोळा बघतो. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण पूर्ण नाही. मी तरी काय बघितलं होतं.

मग मी पिशवीतून मूळ कागद काढून बाईंपुढे ठेवला. "हा गोल कसला असेल, बाई?"

त्यांनी तो खिडकीकडे धरला, खाली ठेवला, बोटाने तपकिरी कड चाचपली. मग आपला चहाचा कप उचलून त्या गोलावर ठेवला. तंतोतंत बसला. कॅन्टीनने तेवढ्या वर्षांत कप बदलले नव्हते. कारकुनांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"या नोट्स कुणाच्या?" बाईंनी विचारलं. "कुठून आल्या?"

मी नियम सांगितला की मला उत्तर देता येत नाही.

"मी देते परवानगी. बोल."

एवढ्या वेळात पहिल्यांदा माझ्याजवळ विचारायला प्रश्न नव्हता. मी सांगितलं की कागद संघटनेच्या कपाटातला आहे, तिथून आम्हीच तो वर्षानुवर्षं वाटतोय, या दोघांनी एकमेकांचं काही बघितलेलं नाही, दोघांनी आमचं बघितलंय. आणि माझे नऊ मार्क काढायचे असतील तर काढा.

बाईंनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. पाऊण तासाने निर्णयाचा कागद आला. दोघांवरचा आरोप मागे. त्या आकृतीचे मार्क सगळ्या वर्गाचे नव्याने तपासले जातील. माझ्या जुन्या मार्कांबद्दल अवाक्षर नाही; ते उकरायचे तर सरांची सहीही उकरावी लागली असती. आणि संघटनेचं कपाट, प्रत्येक नोट पुस्तकाशी ताडून पाहीपर्यंत, बंद.

सुताराने कागद दोनदा वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि लेकीला म्हणाला, "चल, वसतिगृहापर्यंत सोडतो. मामाला फोन मी करतो." लंबू आत न जाताच सुटला होता. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कपाटाला बाहेरून कुलूप आणि वर विद्यापीठाचा शिक्का. दारात आलेली पोरं ते बघून परत जात होती, आणि त्यांच्या शिव्या मलाच होत्या. बरोबरच होत्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी किल्ली दिली, तपासणीपुरती. खोलीत मी, अध्यक्ष, आणि ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांचा ढीग. अध्यक्ष अजून घुश्शातच होते. कामाला मात्र बसले. दहाच्या सुमारास सुताराची लेक आली, पाठोपाठ लंबू. कुणी बोलावलं नव्हतं. तिने आभारबिभार मानले नाहीत. पट्टी काढली, सांडपाण्याच्या नोट्स ओढून घेतल्या आणि पुस्तक उघडून एकेक रेघ ताडून बघू लागली.

तासाभराने तिने मान वर केली.

"ही रेघ बघा. पंपातून निघते आणि पानाच्या कडेला संपते. हे पाणी जातं कुठे?"

पुस्तकात ती रेघ नव्हती. मूळ कागदावर होती, निळ्या शाईने, म्हणजे डाग नाही. अध्यक्ष उठून आले. लंबूने कागद उलटून मागचं पान बघितलं, तिथेही काही नव्हतं. चौघांनाही माहीत नव्हतं.

"सरांना विचारायचं?" लंबू म्हणाला.

"सरांना कशाला," मी म्हटलं, "चला, विद्यापीठाच्या सांडपाण्याच्या पंपावरच जाऊन बघू."

अध्यक्षांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.