तोट्यांचा रकाना

राऊळांच्या घरात नवी वस्तू यायची म्हणजे आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली यायचं. उलटून गेलेल्या महिन्याचं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर पप्पा, म्हणजे दत्ताराम राऊळ, पट्टीने मधोमध रेघ ओढायचे. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, आणि ते पान स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागायचं. इथवर कुठल्याही घरात होईल असंच. पण पप्पांचा एक नियम जगावेगळा होता. ज्याला वस्तू हवी, त्याने फायदे लिहायचेच नाहीत. त्याने तोटे लिहायचे. फायदे बाकीच्यांनी शोधायचे.

"हवंय ना तुला? मग त्याच्याकडे तुझ्याइतकं टक लावून कोण बघणार?" असं ते म्हणायचे. पाणीखात्यात गळत्या शोधण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस तो. भोक कुठे आहे ते बोलून नाही, बघून कळतं, हे त्यांचं आवडतं वाक्य.

या खेपेला वस्तू हवी होती रेवतीला. जुना मिक्सर धूर काढून शांत झाला होता आणि तिला त्याच्या जागी हँड ब्लेंडर हवा होता. एक दांडी, तिच्या टोकाला पातं, वर अंगठ्याखाली बटण. दांडीचं टोक बदललं की चटणी, कांदा, ताक, मिल्कशेक, सगळं त्यातच. सात दिवसांत परत करायची सोय होती, म्हणून पप्पांनी मागवू दिला.

रेवती नववीत होती. श्रावणात तिने शाळाशाळांच्या वादविवाद स्पर्धेत दोन शाळांना गप्प बसवलं होतं, तेव्हापासून तिच्या जिभेला ब्रेक नव्हता.

"चार जणांचं काम एकटं मशीन करणार," आई म्हणाली होती. "मग तू काय करणार गो? भाषण?"

"मी मशीन चालवणार. तू हात पण लावू नकोस."

हे शेवटचं तिने गमतीने म्हटलं नव्हतं. आईचा, सुगंधाबाईंचा, साखरेचा आजार जुना. बोटांच्या टोकांना आता काही कळायचंच नाही. गेल्या वर्षी तव्याला बोट चिकटलं ते वास आल्यावर समजलं. त्याच बोटांनी ती इमारतीतल्या सगळ्यांच्या साड्यांना फॉल लावायची. सुई लागते का नाही ते डोळ्यांनी बघत बघत.

म्हणून पप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आईच्या बोटांचं काय?" रेवतीने उजव्या रकान्यात लिहिलं, 'पातं उघडं दिसतं, पण भोवती पिंजरा आहे.' त्याखाली 'आवाज जास्त'. त्याखाली 'वायर आखूड'. तीन तोटे. पप्पांनी मान डोलावली.

चौथा तोटा बुधवारी सापडला. घरात कोणी नव्हतं. रेवती कोल्ड कॉफी घुसळत होती. झाली म्हणून तिने अंगठा उचलला, तरी पातं फिरतच राहिलं. बटण आत बसलं होतं, वर येईना. दोन सेकंद असेल, फार तर तीन. तिने वायर ओढून प्लग काढला, बटण नखाने उचकटलं, टक्कन वर आलं. पुढे तीन दिवस ते एकदाही अडकलं नाही. आणि तिने ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मशीन त्याच दिवशी खोक्यात गेलं असतं. चालवणार तर मीच आहे, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते तिला पटलंसुद्धा. बोलून पटवण्यात ती आता हुशार झाली होती.

रविवारी, सहाव्या दिवशी, ती मुलुंडला क्लासमध्ये बसली होती. बीजगणिताची टेस्ट सुरू व्हायची होती. पप्पा सकाळीच गोवंडीला चुलतभावाकडे गेले होते. फोनवर आईचा आवाजी मेसेज आला. रेवतीने फोन कानाला लावला.

"सुरमई छान मिळाली. पप्पा जेवायला येतील, वाटप करूक घेतंय. तुझा मशीन मीच चालवतंय आज. कसला कठीण? बटण दाबला की झाला."

पाठीमागे घर्रर्र आवाज होता.

रेवतीला आईचं वाटप माहीत होतं. ओलं खोबरं, धणे, मिरची, हळद. मिक्सरच्या भांड्यात कणभर उरलं तरी आईला चालायचं नाही. वाटून झालं की ती बोटाने भांडं निपटायची, मग पात्याखालचं काढायची, मग धुतलेलं पाणीसुद्धा कालवणात ओतायची. तिच्या आईने तसं केलं, तिच्या आजीने पाट्यावरून तसंच केलं. वाटप टाकलं तर घरातली चव जाते म्हणे. मिक्सरचं भांडं मोटरवरून उतरवूनच निपटायचं, त्यामुळे आजवर काही झालं नव्हतं. या दांडीला उतरवायचं काही नव्हतं. पातं समोर, बटण अंगठ्याखाली, प्लग भिंतीत.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला.

"काय झालं?" शेजारची दिशा कुजबुजली. "चेहरा बघ तुझा."

"घरी जातेय."

"अगं टेस्ट आहे. सर खातील तुला."

"खाऊ देत."

नाहूरला घरी पोचेपर्यंत रिक्षात तिने अकरा वेळा फोन लावला. आई फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावते, तिला माहीत होतं. तरी लावत राहिली. सिग्नलला रिक्षा थांबली तशी तिला आपल्या हाताची बोटं दिसली, फोन धरलेली, आणि तिला नजर वळवता येईना, डोळेही मिटता येईनात. 'पिंजरा आहे,' तिने लिहिलं होतं. पिंजऱ्याला फटी होत्या. बोट जाण्याइतक्या. ते तिने पाहिलं होतं का? पाहिलं होतं.

जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्येच उघडते. घर्रर्र थांबलेलं होतं. थांबलेलं, म्हणजे आई आता निपटायला लागली असणार. तिने जाळीतून आत पाहिलं.

आई ओट्याशी पाठमोरी नव्हती, एका बाजूने दिसत होती. डाव्या हातात दांडी उलटी धरलेली, पातं वर. अंगठा बटणावर विसावलेला. उजव्या हाताची तर्जनी पिंजऱ्याच्या फटीतून आत, पात्याच्या पोटातलं खोबरं काढत होती. सावकाश, प्रेमाने, लहान मुलाचा कान साफ करावा तशी. भिंतीवरच्या स्विचचा लाल दिवा चालू होता.

रेवतीने तोंड उघडलं आणि मिटलं.

हाक मारायची नाही. आई दचकते. कुकरच्या शिटीलासुद्धा दचकते आणि दचकली की हातात असेल ते घट्ट आवळते. दिवाळीत बाजूला फटाका फुटला तेव्हा हातातलं अंडं तिने असं आवळलं होतं की पप्पा अजून त्यावरून चिडवतात. बेल नाही. कडी नाही. 'आई' हा शब्दही नाही.

जिन्याच्या वळणावर मजल्यावरच्या चारही घरांच्या मेन स्विचची पेटी होती. रेवती चपला काढून, अनवाणी, पाच पावलं मागे गेली. वादविवादात अडीच मिनिटं न थांबता बोलणाऱ्या मुलीच्या घशातून श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता. पेटीचं दार करकरलं. ती थिजली. खिडकीतून काहीच ऐकू आलं नाही. मग तिने राऊळांचं बटण खाली पाडलं.

आत पंख्याची घरघर हळूहळू विझली.

"गेली वाटता लाईट," आईचा आवाज आला. साधा, वैतागलेला.

रेवती दारावर आदळलीच. आईने दार उघडलं. एका हातात दांडी, दुसऱ्या हाताच्या बोटावर पिवळं वाटप. बोट अख्खं होतं.

"खंयसून धावत इलंस? टेस्ट नाय?" आई म्हणाली. "लाईट गेली बघ. हे काय, दाबतंय, दाबतंय, ढिम्म." तिने अंगठ्याने बटण तीन-चारदा दाबून दाखवलं आणि ब्लेंडर ओट्यावर आडवा ठेवला.

"आई, प्लग काढ."

"लाईट नाय तर प्लग कशाक काढू?"

"तू काढ आधी."

"राऊळवहिनी," पॅसेजमधून शेजारच्या अण्णांची हाक आली. इमारतीतला बल्ब जरी उडाला तरी पेटी बघायला अण्णाच पहिले. "तुमचा मेन पडलाय. काळजी नको, करतो चालू."

"अण्णा, थांबा," रेवती म्हणाली. पण तोवर पेटीत खट झालं.

ओट्यावर ब्लेंडर जिवंत झाला. कोणीही हात लावलेला नव्हता. दांडी थडथडत फिरली, पातं ओट्याच्या फरशीवर कर्र वाजलं, वाटपाचं भांडं सिंकमध्ये उडालं, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर पिवळे शिंतोडे बसले. आई तिथेच उभी होती, वाटपाचं बोट हवेत धरून. रेवतीने स्विचकडे झेप घेतली आणि प्लग उपटला.

पातं फिरत फिरत थांबलं.

आईने बोट नळाखाली धुतलं. मग डाव्या हाताने उजव्या हाताच्या बोटांचं एकेक टोक दाबून पाहिलं. दाबल्याचं तिला कळत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघत होती. पाचही बघून झाल्यावर ती स्टुलावर बसली.

"लाईट तू घालवलंस?"

"हो."

"म्हणजे तुका माहीत होता, ह्याचा बटण अडकता."

रेवतीला दहा वाक्यं सुचली. एकदाच झालं होतं. नंतर झालं नाही. चालवणार मीच होते. दहाही चांगली होती, बिनतोड. ती एकही बोलली नाही. "बुधवारी अडकलं होतं," ती म्हणाली.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कॅलेंडरचं पान काढ," ती म्हणाली.

रेवतीने शिंतोडे पुसले नाहीत. त्यांच्यामधून वाट काढत, उजव्या रकान्यात, तिला स्वतःलाच ओळखू न येणाऱ्या अक्षरात लिहिलं, 'बटण अडकतं. मला बुधवारपासून माहीत आहे.'

आईने वाचलं. "दुसरा तोटा मशीनचा नाय."

"खोडू?"

"नको. पप्पांका वाचूंदे."

एक वाजत आला होता. पप्पा कधीही आले असते. आईने सिंकमधलं भांडं उचललं. तळाशी वाटप उरलं होतं, पाणी लागलेलं नव्हतं. सवयीने तिचं बोट भांड्याच्या कडेने फिरू लागलं.

स्टीलचं साधं भांडं होतं. रेवतीने तरी वळून जमिनीवर पडलेला प्लग पाहिला. मग आईचं बोट. मग पुन्हा प्लग.