नखाची खाच

कृष्णकांतांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम वाढलेलं असे, आणि ते कापा म्हणायची सुमतीबाईंचीसुद्धा प्राज्ञा नव्हती. न्हावा-शेव्याच्या बंदरातली नोकरी संपली, नव्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये दोघांनी बूड टेकलं, तरी नख राहिलं. कारण बार्लो चाकू.

पातं मुठीत मिटणारा हा जुना विलायती चाकू. हाडाची मूठ, तिच्या डोक्याला लांबलचक लोखंडी टोपण आणि टोपणावर ‘बार्लो’ असं कोरलेलं. पात्याच्या कडेला बारीकशी खाच असते, तिच्यात नख अडकवून पातं ओढायचं. बंदरावर येणाऱ्या खलाशांना गळ घालून, जुन्या बाजारात तासन्‌तास उकिडवं बसून कृष्णकांतांनी असे कपाटभर चाकू जमवले होते. सुमतीबाई त्यांना ‘माझ्या सवती’ म्हणत. कुरकुर करत म्हणत, पण सवतींना शिवणयंत्राचं तेल त्याच पुरवत.

दर खंडेनवमीला या सवती चौरंगावर मांडल्या जात. प्रत्येकीला उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं, झेंडू वाहायचा. कोपऱ्यात सुमतीबाईंच्या कात्रीलाही जागा मिळे. यंदा नवमीची सकाळ उलटली तरी चौरंग रिकामाच होता.

वर्षभरात कृष्णकांतांच्या हातांना कंप सुटला होता. पुण्याहून आलेला वरद परवा म्हणाला होता, “बाबा, आता धारदार वस्तू घरात नकोत. माझ्या ओळखीचे चारुदत्त म्हणून एक संग्राहक आहेत. ते सगळं घेऊन जातील, नीट सांभाळतील.” मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. कृष्णकांत म्हणाले, “नेऊ दे.”

ते ‘नेऊ दे’ सुमतीबाईंच्या जिव्हारी लागलं. कपाटाला धक्का लागेल म्हणून ज्या माणसाने घरात नवा सोफा येऊ दिला नाही, तो इतक्या सहज नेऊ दे म्हणतो? चाकूंच्या आधी हा माणूसच हातपाय गाळून बसला, हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना भयंकर राग आला. दोन दिवस त्यांनी तो गिळून ठेवला.

नवमीच्या दुपारी चारुदत्त आले. आल्याआल्या त्यांनी हात धुऊन कोरडे केले, हे सुमतीबाईंना आवडलं. टीपॉयवर चाकूंची पेटी होती. “काका, एकेक उघडून दाखवाल? आवाज ऐकायचाय,” चारुदत्त म्हणाले. पातं उघडताना आतली कमान खणखणीत ‘टक्’ बोलली की चाकू चांगला, हे या छंदातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कृष्णकांतांनी पहिला चाकू उचलला. नख खाचेवरून घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. वरद खाली बघू लागला. कृष्णकांतांनी चाकू पेटीत ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले.

सुमतीबाईंनी चौरंग पुढे ओढला आणि तोच चाकू उचलला. जन्मभर शिवणी उसवून उसवून त्यांची नखं चिवट झाली होती. टक्.

“ही ठसकेबाज,” त्या म्हणाल्या. दुसरी उघडली. “ही रडकी, हिची कमान ढिली आहे. ही नकटी, टोक मोडलंय. आणि ही अस्सल विलायती.”

“ती नाही,” कृष्णकांत म्हणाले. “ती नक्कल आहे. टोपणावरची अक्षरं घासून जुनी केलीत आणि मूठ बघ, कशी करकरीत आहे. फसलो होतो मी.”

“मग इतकी वर्षं तिची पूजा कशाला केलीत?”

“पुन्हा फसू नये म्हणून.”

चारुदत्त मोकळेपणाने हसले. कृष्णकांत पुढे सरकून बसले. “अंगठा मागे घे, सुमे. तळव्याने मिटायची ती.” मग ते सांगत गेले आणि सुमतीबाई उघडत गेल्या. कुठली कुठल्या जहाजावरची, कुठलीसाठी छत्री दिली, कुठलीसाठी जेवू घातलं. चौरंग भरला, चहा गार झाला. कंप तसाच होता, पण तो कुणी बघत नव्हतं, खुद्द कृष्णकांतही नाही.

शेवटी चारुदत्तांनी विचारलं, “काकू, मग बांधून घेऊ ना?”

“नाही,” सुमतीबाई म्हणाल्या. “हे कुठे जाणार नाहीत. तुम्हाला हेलपाटा पडला, तेव्हा जेवून जा. आणि पुढच्या नवमीला या.”

“आई, पण बाबांचा हात...”

“हात माझा चालेल. तुझे शाळेचे सदरे बेतले तेव्हा कात्रीला काय धार नव्हती?”

वरद उठून झेंडूची परडी घेऊन आला.

फुलं वाहून झाली. कृष्णकांतांनी सगळ्यात जुन्या चाकूकडे बोट केलं. “ती दे जरा. मिटलेलीच.”

चाकू कधी हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. नाहीतर दोघांत भांडण होतं. हा नेम त्या घरात लग्नापासून पाळला गेला होता. सुमतीबाईंनी सवयीने चाकू त्यांच्यापुढे ठेवला. कृष्णकांतांची बोटं त्याच्याभोवती चाचपडली. चाकू पुढे ढकलला गेला, पुन्हा गेला.

सुमतीबाईंनी तो उचलला, कृष्णकांतांचा तळवा उघडला, त्यात चाकू ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांनी त्यांची बोटं मिटून धरली. कंप त्यांच्याही हातांना लागला.

“सुमे, हातात देतेस? भांडण होईल.”

“होऊ दे,” सुमतीबाई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी सोडला नाही. “परवा ‘नेऊ दे’ म्हणालात ना, तिथूनच सुरुवात करायची आहे मला.”