दातांनी केलेला निवाडा

माझ्या सुनेचं एक वागणं मला अजिबात खपत नाही. ती भांडत नाही. मी बोटं मोडायला लागले की "बरं, आत्याबाई" म्हणते आणि करायचं तेच करते. भिंतीशी भांडलं तर निदान आवाज तरी परत येतो.

गेल्या साली तिनं अर्ध्या रानात गव्हाऐवजी हरभरा पेरला. म्हणाली, "गव्हावर गहू घेऊन जमीन दमलीय. हरभऱ्यानं कस येईल."

"जमीन काय बाळंतीण आहे, तिला विसावा द्यायला?" असं म्हणून माझ्या अर्ध्यात मी गव्हावर गहूच टाकला. यंदा मात्र दोन्हीकडं गहू.

मळणीला तिची पोती जास्त भरली. मी म्हटलं, "पोतं भुसानंही फुगतं. गहू दाताखाली कळतो."

आमच्यात बियाणं चावून निवडतात. कसदार गहू चावता चावता डिंकासारखा ताणला जातो, हलक्याचा नुसता लगदा होतो. ही पारख माझी. दात उरलेत पाच, तोरा बत्तिशीचा.

"डोळे मिटून चावते," मी जाहीर केलं. "जिचा गहू सरस, तिच्या शब्दानं पुढली पेरणी."

"बरं, आत्याबाई."

लेकानं हातावर पहिली मूठ ठेवली. चावली तर तोंडात भिजल्या कागदाचा चोथा. थुंकलेच. "हा हिचा! घ्या हरभऱ्याचं कौतुक!"

दुसऱ्या मुठीचा गोळा झाला. बोटांनी ताणला, तुटेना. "हा माझा! जन्म गेला या रानात, माझी माती मी ओळखणार नाही?"

लेक खोकला. वाईट बातमी आली की तो खोकतो, त्याच्या बापाचीही हीच खोड होती.

डोळे उघडले. थुंकलेला गहू माझ्या ढिगातला होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर पायासकट गेलं. सून मान खाली घालून पाखडत होती, आणि सुपात दाणा नव्हता.

तिचा गोळा माझ्या बोटांना चिकटला होता. झटकला तरी सुटेना, मेला.

"सूप ठेव आणि हसून घे," मी म्हटलं. "माझ्याही अर्ध्यात पुढल्या पेरणीला हरभरा पेर. पण आजपासून ते 'बरं, आत्याबाई' बंद. जिंकलेलीनं तोंड उघडून भांडावं, नाहीतर हरलेलीनं दिवसभर करायचं काय?"